आजीचे तेल आणि एक बादली पाणी

रविवारची सकाळ. विहारातली वंदना आटोपून मंडळी घरी परततात आणि वस्तीतल्या ओट्याओट्यावर एकच देखावा दिसू लागतो. पायरीवर आजी किंवा आई बसलेली, तिच्या दोन गुडघ्यांत मान अडकलेली एखादी चिमुरडी आणि शेजारी खोबरेल तेलाची निळी बाटली. टाळूवर तेलाची धार, त्यावर दोन्ही हातांनी थापटणे. पोर कुरकुरते, "बस झालं ना, आजी!" आजी म्हणते, "चूप बस. तेलानं डोस्कं थंड रायते." तेल कानामागून मानेवर आणि मानेवरून फ्रॉकच्या गळ्यावर उतरले, की मग कुठे आजीचे समाधान होते.

तेल कोणते लावावे, कसे लावावे, किती वेळा लावावे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. जाहिराती तर दिवसभर दुसरे काही सांगतच नाहीत. पण लावलेले तेल जास्त झाले तर ते काढायचे कसे, यावर कुणी चार शब्द बोलत नाही. म्हणून भगिनींनो, आज हा विषय घेतला आहे. विषय किरकोळ वाटेल. आम्हालाही तो किरकोळच वाटत होता, गेल्या ३ जानेवारीपर्यंत.

त्या दिवशी सावित्रीमाईंची जयंती. आमच्या शेजारची आठवीतली मुलगी शाळेत भाषण करणार होती. पंधरा दिवस तिचे पाठांतर भिंतीपलीकडून आम्हालाही ऐकू येत होते, इतके की आम्हालाही ते पाठ झाले होते. आदल्या रात्री आजीने नातीचे केस चांगले दिसावेत म्हणून अर्धी वाटी खोबरेल आणि अर्धी वाटी एरंडेल एकत्र करून ते सगळेच्या सगळे तिच्या डोक्यात जिरवले. जानेवारीतली नागपूरची थंडी. सकाळी सिलिंडर संपलेला, म्हणून गार पाण्यानेच न्हाणे झाले. अंगाच्या साबणाची वडी केसांवर घासली. तेल गेले नाही. पुन्हा घासली. केस टाळूवर गोळा करून कपडे चोळावेत तसे चोळले. तेल तर गेले नाहीच, उलट केस मेणासारखे चिकट आणि पांढुरके झाले आणि मानेजवळ मुठीएवढा गुंता झाला. कंगवा शिरेना.

मुलगी तशीच वर रुमाल बांधून शाळेत गेली. रुमाल काढायला लावला. वर्गात हशा पिकला, "तेलाचा डबा" असे नाव पडले. शिकवणाऱ्या बाईंनी तरी सांभाळून घ्यायचे! त्यांनी "अशी कशी आलीस?" एवढे विचारले आणि तिच्या जागी दुसरीला उभे केले. सावित्रीमाईंच्या जयंतीला एका कामगाराच्या मुलीचे भाषण केसांपायी राहिले. शाळेचे नाव आम्ही घेत नाही. अशी शाळा एकच असती तर कदाचित घेतलेही असते.

संध्याकाळी आजी आमच्या दारात उभ्या. नातीपेक्षा त्याच जास्त रडत होत्या. त्यात भर म्हणजे गल्लीतल्या एका बाईने तो गुंता बघून हळूच कानात सांगितले होते, "जट तर नाही ना आली? देवीचं असंल. कात्री नका लावू." आजी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आईच्या कडेवर बसून दीक्षाभूमीवर होत्या. त्यांनी तिथल्या तिथे त्या बाईला सुनावले, "माह्या घरात देवी नाही, बाबासायब हायेत." पण हे आम्हाला सांगताना त्यांचा आवाज कापत होता, हेही खरे.

इतके तेल का?

आजीला दोष देण्याआधी तिची बाजू ऐकून घेतली पाहिजे. जुन्या काळी आपल्या घरांत तेल छटाकाने यायचे. त्यातले आधी दिव्याला, मग फोडणीला. डोक्याला उरलेच तर सणावारी. आजी सांगत होत्या, त्यांच्या आईचे केस उन्हातान्हात राबून राबून भुरके झालेले, राठ, सुतळीसारखे. त्या केसांना बोटभर तेल लावावे असे लेकीला फार वाटायचे. ते जमले नाही आणि आई गेली. आज मुलगा कामावर जातो, सून चार घरची धुणीभांडी करते आणि घरात तेलाची अख्खी बाटली असते. मग आजीचा हात सुटतो. तो आवरा म्हणणे सोपे नाही. आम्हीही त्या दिवशी त्यांना एकदम तसे म्हणालो नाही.

पाण्याचेही तेच. गावच्या विहिरीवर आपल्या बायांना पाय ठेवायची बंदी होती. वरच्या बाईला दया आली तर ती लांबून घागरीत ओतणार, नाहीतर खाली घागर घेऊन तिष्ठत बसा. प्यायलाच पाणी पुरत नव्हते तिथे डोके काय धुणार? आणि डोके मळलेले, म्हणून हे लोक घाणेरडे, म्हणून यांना शिवायचे नाही. पाणी अडवायचे त्यांनीच आणि अस्वच्छ म्हणून बोट दाखवायचेही त्यांनीच! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणूसपणाच्या हक्कासाठी. पण त्या हक्कात आपल्या आयाबायांची न्हाणीही आली, असे आम्हाला वाटते. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच दुसऱ्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब खास स्त्रियांशी बोलले. लुगडे कसे नेसावे, अंगावरचे कथलाचांदीचे जड दागिने का टाकावेत, हे त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यासारखे सांगितले. पुढे २० जुलै १९४२ रोजी आमच्या नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद भरली. तिथल्या भाषणात त्यांनी स्वच्छ राहण्याचा मुद्दा आधी घेतला आणि मुलांच्या शिक्षणाचा त्यानंतर. एवढा मोठा विद्वान, घटना लिहिणारा माणूस, त्याला आपल्या बायांच्या कपड्यालत्त्याविषयी बोलणे कमीपणाचे वाटले नाही. मग केसांच्या तेलावर लिहिताना आम्ही का संकोच करावा?

तेल पाण्याने का जात नाही

आता मूळ गोष्ट. तेलाला आणि पाण्याला एकमेकांचे वावडे. तेलाने माखलेल्या केसांवर पाणी ओतले की ते ओघळून जाते, आत शिरतच नाही. कमळाच्या पानावरून ओघळते तसे. आपण मात्र सगळ्या जणी पहिली गोष्ट तीच करतो, डोक्यावर तांब्याने पाणी ओततो. मग ओल्या केसांवर साबण किंवा शाम्पू लावतो. केसाभोवती तेलाचा थर, त्यावर पाण्याचा थर आणि सर्वांत वर शाम्पू. शाम्पू पाण्यातच विरघळतो आणि तेलापर्यंत पोचायच्या आत वाहून जातो. म्हणून दोन पुड्या संपतात, बादली संपते आणि केस तेलकट ते तेलकटच.

शाम्पूच्या प्रत्येक कणाची दोन टोके असतात. एका टोकाला तेलाची ओढ, दुसऱ्याला पाण्याची. तेलाकडचे टोक तेलात रुतते, दुसरे बाहेर राहते. असे असंख्य कण तेलाच्या थेंबाभोवती जमले की तो थेंब केसापासून सुटतो आणि मग पाणी त्याला धरून घेऊन जाते. साबण, शिकेकाई आणि रिठा यांचेही काम असेच चालते. म्हणजे आधी त्याची तेलाशी गाठ पडली पाहिजे, पाण्याशी नंतर.

तेव्हा भगिनींनो, या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: तेल जास्त झाले असेल तर केस आधी भिजवू नका.

दुसरे कारण थंडी. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली गोठते. हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवावी लागते, हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. मग तेच तेल डोक्यावर असताना वरून नळाचे गार पाणी ओतले तर ते तिथे गोठणार नाही का? आजीच्या नातीच्या केसांत जे मेण दिसत होते, त्यातले निम्मे हेच होते. पाणी कोमट हवे. कढत मात्र नको, त्याने टाळूची आग होते आणि केस राठ पडतात. हाताच्या मनगटावर ओतून सोसवेल इतपत ठेवावे, बाळाला न्हाऊ घालताना बघतो तसे.

तिसरे कारण बोअरचे पाणी. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, बादलीला पांढरा थर बसतो, ते पाणी जड. त्यात चुन्याचे आणि तशाच इतर क्षारांचे प्रमाण जास्त असते. साबणाची वडी अशा पाण्यात फेस देत नाही. क्षारांशी संयोग होऊन तिचा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. केस राठ लागतात, मग आई म्हणते तेल कमी पडले आणि पुढच्या रविवारी आणखी तेल घालते. हे चक्र आम्ही कितीतरी घरांत पाहिले. शाम्पूचा असा साका होत नाही, शिकेकाईचा आणि रिठ्याचाही होत नाही. अंगाचा साबण अंगालाच ठेवावा. वडी वापरलीच असेल आणि केस चिकट झाले असतील तर एक मग पाण्यात अर्धे लिंबू पिळून त्याने केस धुवावेत, साका सुटतो. लिंबाचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये. नंतर साधे पाणी घ्यावे.

एका बादलीत कसे धुवावे

आमच्या वस्तीत नळ ठरल्या वेळी येतो आणि ठरल्या वेळेच्या आत जातो. गुंड भरायचे, पिण्याचे बाजूला काढायचे आणि उरले त्यात सगळे. म्हणून रीत सांगायची ती एका बादलीचीच सांगतो. शॉवरखाली उभे राहा असे सांगणाऱ्या पुस्तकांचा आपल्याला उपयोग नाही.

केस कोरडे असतानाच जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घ्या आणि केसांचे पदर करून एकेक पदर त्यात धरून दाबा. चोळू नका, दाबा. फडके तेलाने ओले होईल. दोनतीनदा फडके फिरवले तरी बरेचसे तेल पाण्याच्या थेंबाविना निघते. मग मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर वर येत गुंता सोडवून घ्या.

तेल फारच असेल, म्हणजे आजीच्या वाटीइतके असेल, तर बेसन. दोन चमचे कोरडे बेसन केसांच्या मुळांशी भुरभुरून दहा मिनिटे तसेच ठेवा. पीठ तेल शोषते. मग खाली जुने वर्तमानपत्र पसरून फणीने विंचरून काढा. मुगाचे पीठही चालते. पण बेसन कोरडे असतानाच निघाले पाहिजे. ओल्या केसांत बेसन घातले आणि वर गरम पाणी ओतले तर डोक्यावर झुणका शिजतो! हा आमचा स्वतःचा अनुभव आहे. तो झुणका निघायला दोन दिवस लागले.

आता शाम्पू. एक पुडी वाटीत काढा, त्यात फक्त चमचाभर कोमट पाणी घाला आणि ते कोरड्या, तेलकट केसांच्या मुळांशी बोटांनी लावा. नखांनी नव्हे. दोनतीन मिनिटे हलक्या हाताने फिरवत राहा. फेस येणार नाही. इथेच बायका घाबरतात आणि दुसरी पुडी फोडतात. फेस येत नाही कारण शाम्पू तेलाशी झटतो आहे, तेल फेस मारते. मग हातावर थोडे थोडे पाणी घेऊन केसांना लावत जा. काही वेळाने डोक्यावरून दुधासारखे पांढरे पाणी उतरू लागेल. ते दिसले की समजावे, तेल सुटले. मग एकदोन मग पाण्याने धुवा. त्यानंतर अर्ध्या पुडीइतका शाम्पू ओल्या केसांना लावा, आता मात्र फेस येईल. राहिलेल्या पाण्यात केस वरून खाली सोडून धुवा. केस टाळूवर गोळा करून चोळायचे नाहीत, हे पुन्हा सांगतो. पंधरा लिटरच्या बादलीत लांब केसही निघतात आणि तळाशी पाय धुण्यापुरते पाणी उरते.

शिकेकाई वापरणाऱ्या भगिनींनी शेंगा रात्री भिजत घालून सकाळी गंजात उकळाव्यात आणि गाळून तो काढा असाच आधी कोरड्या केसांना लावावा. नुसती भुकटी लावली तर ती केसांत अडकून बसते. रिठा घालत असाल तर डोळ्यांना जपा, फार झोंबतो. बाजारात शिकेकाईच्या नावाची वडी मिळते, ती पुष्कळदा साबणच असते. वेष्टन वाचून घ्यावे.

काही गोष्टी मात्र करूच नका. धुण्याचा सोडा, कपड्याची पावडर, भांड्यांची वडी यांनी तेल जाते, पण टाळूची कातडीही सोलवटते. एका घरी सोड्याने डोके धुतलेल्या मुलीच्या कपाळावर आलेला चट्टा आम्ही पाहिला आहे. सोडा वापरायचाच तर कंगवे आणि फण्या भिजवायला वापरा. जुने तेल आणि मळ फणीच्या दातांत साचलेला असतो आणि धुतलेल्या केसांत तोच परत येतो. उशीची खोळ, रुमाल, शाळेची रिबीन यांचेही तसेच. आणि रॉकेल? उवांसाठी असो की तेलासाठी, डोक्याला रॉकेल लावणे म्हणजे चुलीच्या धगीशी पोरीला बसवण्यासारखे आहे. ते विषारीही आहे. उवांसाठी बारीक फणी आणि सरकारी दवाखान्यातला सल्ला, एवढे पुरे.

तेल वाईट नाही

हे वाचून कुणी तेलाची बाटलीच फेकून देईल, म्हणून सांगतो. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी केसाची झीज कमी करते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले. त्यात तपासलेल्या सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला ते जमले नाही. म्हणजे आजीचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण केसात जितके शिरायचे तितकेच शिरते, उरलेले नुसते वर बसते. खांद्याइतक्या केसांना दोन छोटे चमचे भरपूर झाले. न्हाण्याआधी तासभर लावले तरी काम होते. रात्रभर ठेवलेच पाहिजे असे नाही.

ज्यांना कोंडा आहे त्यांनी टाळूला तेल चोळूच नये. कोंड्याशी संबंध असलेली बुरशी टाळूच्या तेलकटपणावरच जगते. तिला आणखी खाऊ घालून कोंडा कसा जाईल? वयात आलेल्या मुलींच्या कपाळावर ज्या पुटकुळ्या येतात, त्यांतल्या काही डोक्यावरून ओघळलेल्या तेलाच्या असतात. मुलीला मलमे आणून देण्याआधी बाटली तपासावी.

जवसाचे तेल आपल्याकडे खाण्यात आहे, ते कुणी डोक्यालाही लावतात. हे तेल हवेत उघडे राहिले की चिकट होत जाते, म्हणून तर रंगकामात वापरतात. केसांवर दोन दिवस राहिले की निघता निघत नाही. एरंडेल त्याहून दाट. लावायचेच तर थेंबभर, दुसऱ्या तेलात मिसळून. वाटीभर तर कधीच नाही.

आणि पुरुषमंडळींनी हसू नये. पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर आणि भिंतीवर टेकायच्या जागी जे काळपट वर्तुळ असते, ते कुणाच्या डोक्याचे, हे घरोघरी माहीत आहे.

त्या गुंत्याचे पुढे काय झाले

जट म्हणजे दुसरे तिसरे काही नसून केसांचा घट्ट झालेला गुंता. केसाच्या बाहेरच्या अंगाला माशासारखे बारीक खवले असतात. केस लांब असले, दाट चिकट तेल माखले आणि टाळूवर गोळा करून चोळले की खवले एकमेकांत अडकतात आणि केसांचे नमदे होते. २०१७ मध्ये केसांच्या आजारांविषयीच्या एका वैद्यकीय नियतकालिकात वीस वर्षांच्या एका तरुणीची नोंद आली आहे. तिने एरंडेल आणि खोबरेल एकत्र लावले आणि केस धुतले. धुतल्याबरोबर सगळे केस दगडासारखे घट्ट गुंतले. शेवटी ते कापावे लागले. देवी कुठेही आली नाही, कोपलीही नाही.

पण अशाच गुंत्याला देवीचा कौल ठरवून आपल्या समाजातल्या किती मुली यल्लम्माला सोडल्या गेल्या! तेल नाही, पाणी नाही, फणी नाही आणि वर भंडारा. जून १९३६ मध्ये मुंबईत परळला देवदासी, जोगतिणी, पोतराज यांच्यासमोर बोलताना बाबासाहेबांनी ते जिणे सोडून द्या असे स्पष्ट सांगितले होते. महाराष्ट्रात देवदासी प्रथेविरुद्ध २००५ चा कायदा आहे, जादूटोण्याविरुद्ध २०१३ चा आहे. जट सोडवण्याचे काम अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आजही घरोघरी जाऊन करतात. आपल्याला तर त्याहून जुना दाखला आहे. उरुवेला येथे काश्यप बंधू आणि त्यांचे हजार जटाधारी शिष्य भगवान बुद्धांना शरण आले तेव्हा त्यांनी आपल्या जटा कापून नदीत सोडल्या. नदीला पूर आला नाही, कुणाला ताप आला नाही.

हे सगळे आजींना सांगत सांगतच आम्ही त्या संध्याकाळी कामाला लागलो. गुंत्यावर थोडे खोबरेल टाकले. आजी म्हणाल्या, "आनखी तेल?" होय, गुंता सोडवायला ओलावा लागतोच, पण बोटभर. मग टोकाकडून एकेक केस बोटांनी मोकळा करत, अडेल तिथे कंगव्याच्या शेपटीने टोकरत वर सरकलो. ओढले नाही. दोन तास गेले. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती, आधी रडत आणि नंतर कंटाळून तेच भाषण पुटपुटत. मधल्या भागात बोटाएवढी एक बट काही केल्या सुटेना, तिला कात्री लावली. कात्री आजींच्याच हातात दिली. त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत, हे आम्ही मुद्दाम पाहिले. नंतर फडके, बेसन, शाम्पू, कोमट पाणी, सगळे क्रमाने. दुधासारखे पाणी मोरीतून वाहू लागले तेव्हा आजी खाली वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इतलं तेल वाया गेलं ना वं माय."

शाळेत ते भाषण झाले नाही. पण १० मार्चला, सावित्रीमाईंच्या स्मृतिदिनी, आमच्या विहारात झाले. मुलगी दोन वेण्या घालून उभी राहिली आणि एकदाही अडखळली नाही. दोन ठिकाणी तर आम्हीच ओठ हलवत होतो. कार्यक्रमानंतर आम्ही आजींना विचारले, काल तेल लावले होते का? म्हणाल्या, लावले, चमच्याने मोजून, दोन. तिसऱ्याला हात गेला होता, पण पोट्टीने झाकण आधीच लावून टाकले होते.